ब्रेक फ्लुइड्सचे मधूकाका

मधूकाका सबनीस आमच्या नव्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा मला नमस्कार करायच्या आधी त्यांनी आमच्या फ्रिजला कान लावला.

"पांढरी पाच," ते म्हणाले. "जरा चढा आहे. पण चालेल."

मी चहाचा ट्रे घेऊन तशीच उभी. कॉव्हेंट्रीत येऊन आम्हाला जेमतेम आठवडा झाला होता, आणि शेजारी मराठी कुटुंब आहे म्हणून मी खुशीत होते. काकांच्या मागून नलिनीकाकू डबा घेऊन आत आल्या. "लक्ष देऊ नकोस गं शुभदा. पेटीची पट्टी सांगतायत ते. जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा यांनी आधी त्याच्या गाडीचा सूर विचारला, मग त्याचं नाव."

पुढे कळलं की जगातली कुठलीही वस्तू काकांना आधी ऐकू येते आणि मग दिसते. हॉस्पिटलची लिफ्ट काळी एक. आमचा टंबल ड्रायर बेसूर, "पण मनाने चांगला". एकदा मी त्यांना विचारलं, इतकी वर्षं इथे राहून कधी परकं वाटलं नाही का? ते म्हणाले, "फ्रिज असतो ना घरात. सांगलीला आमच्या गल्लीच्या तोंडाशी ट्रान्सफॉर्मर होता. तोही पांढरी पाचच. मी इथे उतरलो, खोलीवर गेलो, आणि कोपऱ्यात तोच बसलेला."

मला वाटलं, काका पेटी वाजवत असणार. तसं विचारलं तर त्यांना जवळजवळ रागच आला.

"छे! बेस गिटार. पबात."

पंचाहत्तरीला टेकलेला, बिनबाह्यांचा स्वेटर घालणारा, खिशात ओव्याची डबी बाळगणारा हा माणूस 'द ब्रेक फ्लुइड्स' नावाच्या पब रॉक बँडमध्ये चाळीसहून जास्त वर्षं बेस वाजवत होता. त्याचं असं झालं. सांगलीहून काका इथल्या एका कार फॅक्टरीच्या ड्रॉइंग ऑफिसात नोकरीला लागले. कँटीनमध्ये कुणाशी बोलायची सोय नव्हती, म्हणून जेवताना टेबलावर बोटांनी ठेका धरत बसायचे. एक दिवस समोर गाड्या रंगवायच्या पेंट शॉपमधला एक उंच, किडकिडीत पोरगा येऊन बसला. टेरी. तो थोडा वेळ ऐकत राहिला आणि म्हणाला, "आमचा बेसवाला बर्मिंगहॅमला पळून गेलाय. तू ये."

"मला गिटार येत नाही."

"त्यालाही येत नव्हती."

टेरी गायचा. माल्कम नावाचा फिटर ड्रम वाजवायचा. फॅक्टरी पुढे बंद पडली, तिच्या जागी घरं उभी राहिली, माल्कम लोकांना ड्रायव्हिंग शिकवायला लागला, टेरीचे केस गेले आणि कानातली बाळी तेवढी राहिली. बँड मात्र चालू. दर महिन्याला रिंग रोडपलीकडच्या त्याच पबात.

पब रॉक म्हणजे नक्की काय, हे मला काकांनीच समजावलं. "ज्या संगीतात लोक बोलायचे थांबत नाहीत, ते. त्यांच्या बोलण्याच्या वर वाजवायचं. पण इतकंही वर नाही, की ते उठून जातील."

मी त्यांचा पबातला गिग पाहायला गेले. टेरी माइकला लोंबकळून गात होता, माल्कम घामाघूम झाला होता, आणि बाजूला घरून आणलेल्या घडीच्या खुर्चीवर टाय लावून काका. तान्ह्या बाळाची ढेकर काढायला त्याला खांद्याशी धरतात, तशी त्यांनी गिटार छातीशी धरलेली. पायाशी लेमोनेडचा ग्लास. गाणं संपलं की ते उठायचे, टेरीच्या कानाशी लागायचे आणि गंभीरपणे काहीतरी सांगायचे. लोकांना वाटायचं पुढचं गाणं ठरतंय. काका चुका सांगत असायचे.

"सम चुकली की संसार चुकला," हे त्यांचं ब्रीदवाक्य. टेरीला ते इंग्रजीत सांगायचे, "माइंड द सम, टेरी!" तालाच्या पहिल्या मात्रेला सम म्हणतात हे बिचाऱ्याला कुठून कळणार? त्याने माल्कमला समजावलं होतं, "म्हणजे घरी वेळेवर जा, असं असावं." माल्कम त्याप्रमाणे वेळेवर घरी जायचा.

नलिनीकाकूंनी पबात कधी पाय ठेवला नाही. "भजनी मंडळाला टाळ धरायला माणूस मिळत नाही, आणि हे तिकडे गोऱ्यांना ताल शिकवतायत," असं त्या म्हणायच्या. पण गिगच्या दिवशी टेरीसाठी वेगळ्या डब्यात चिवडा जायचा. टेरी एकटा राहायचा. लग्न कधीच मोडलं होतं, मुलगी ऑस्ट्रेलियात. त्याला शेंगदाणे आवडत नाहीत, म्हणून काकू त्याच्या चिवड्यात काजू घालायच्या. काकांच्या डब्यात शेंगदाणेच.

बँडने अल्बम मात्र कधी काढला नव्हता. टेरीची फार इच्छा. दरवर्षी तो विचारायचा, आणि काका दरवर्षी तेच उत्तर द्यायचे, "अजून आपली तयारी नाही."

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी काका माझ्या फार्मसीत आले. मी काउंटरला होते. रांग होती, पण ते रांगेत न थांबता सरळ पुढे आले. असं ते कधी करत नाहीत.

"शुभदा, गळ्यातला एकच स्वर जातो का गं?"

"म्हणजे?"

"टेरीचा वरचा स्वर. आवाज खरखरीत झालाय, तो वयाने. लोकांना आवडतोय, टाळ्या पडतायत. पण वरचा स्वर तसा नाही. तो जागेवरच नाही."

"कधीपासून?"

"वसंत ऋतूपासून. मला वाटलं सर्दी."

मी म्हटलं, "काका, त्यांना जीपीकडे पाठवा. आजच."

टेरी कसला जातोय. गेली पन्नास वर्षं सिगरेट ओढून कमावलेला आवाज आहे, त्याची तक्रार डॉक्टरकडे कशाला करायची, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी काकांनी त्याच्या दारात गाडी उभी केली आणि तो बाहेर येईपर्यंत हॉर्न वाजवला. रस्ताभर लोक खिडक्यांत आले. टेरी ड्रेसिंग गाऊनमध्येच बाहेर आला आणि शिव्या देत गाडीत बसला.

पुढच्या तपासण्या झाल्या. आणि एका शनिवारी, मी काकूंकडे कढीपत्ता मागायला गेले असताना, टेरी तिथे स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसलेला होता. समोर पोहे. त्याने एक घास खाल्ला, चमचा खाली ठेवला आणि हवापाणी सांगावं तसं सांगितलं, "पूर्ण व्हॉइस बॉक्स काढणार आहेत. जगेन म्हणतात. गाणार नाही."

काकू उभ्या होत्या त्या खुर्चीत बसल्या. मी कढीपत्ता हातात धरून दारात.

काकांनी विचारलं, "कधी?"

"तीनेक आठवड्यांत."

काकांची बोटं टेबलावर एकदोनदा ठेका धरून थांबली. मग म्हणाले, "दहा गाणी होतील."

"अहो!" काकू ओरडल्या. "काय बोलताय? माणूस काय सांगतोय, तुम्ही काय बोलताय!"

पण टेरी हसायला लागला. हसता हसता त्याला खोकला आला, खोकता खोकता डोळ्यांत पाणी आलं. "चाळीस वर्षं मी तुझ्या मागे लागलोय, मधू. आपली तयारी नाही म्हणायचास."

"अजूनही नाही," काका म्हणाले. "पण आता काय करणार?"

शहराबाहेर एका जुन्या कार्पेटच्या गोदामात जेस नावाच्या मुलीने स्टुडिओ केला होता. तिथे रेकॉर्डिंग झालं. मी सुट्टीच्या दिवशी गरम पाणी, मध, वाफेचं मशिन असं सगळं घेऊन जायचे. त्याचा काही उपयोग नव्हता, हे मला माहीत होतं. पण रिकाम्या हाताने जाववत नव्हतं. पहिल्याच दिवशी काकांनी स्टुडिओतला फ्रिज बंद करायला लावला, कारण तो टेरीच्या दुसऱ्या गाण्याशी भांडत होता. जेसचं दूध नासलं. तिसऱ्या दिवशी तिने येताना स्वतःच फ्रिजचा प्लग काढला आणि काळा चहा प्यायली.

टेरीला सलग गाणं जमत नव्हतं. एक कडवं, मग बसायचं, मग दुसरं. आवाज फाटलेला, पण त्या फाटलेपणातून असं काही येत होतं, की काचेपलीकडे जेस मान खाली घालून बसायची. त्याच्या तरुणपणी त्याने लिहिलेली गाणी होती ती. नाइट शिफ्टची, बस चुकल्याची, एका मुलीने पुन्हा फोन न केल्याची.

शेवटचं गाणं चाललं होतं. टेरीने दुसरं कडवं संपवलं आणि काकांनी वाजवणं थांबवलं.

"लवकर आलास. पुन्हा."

माल्कमने काठ्या आपटल्या. "मधू, पुरे! माणूस मरायला टेकलाय, आणि तू त्याला—"

"मी मरत नाहीये," टेरी म्हणाला. आवाज इतका खाली गेला होता, की आम्हाला पुढे वाकून ऐकावं लागलं. "मी फक्त गप्प होणार आहे. त्याचं बरोबर आहे. लवकर आलो मी. पुन्हा घे."

पुन्हा घेतलं. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं, अगदी जागेवर. तिसऱ्याला टेरीने तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. त्याने पुन्हा प्रयत्न केला. मान ताठ झाली, शिरा फुगल्या. काही नाही. माल्कम थांबणार होता, पण काकांनी मान हलवली, थांबू नकोस. त्या दोघांनी तिसरं कडवं शब्दांशिवाय शेवटपर्यंत वाजवलं. टेरी माइकसमोर उभा होता, हात खाली सोडून. गाणं संपलं. काका त्याच्या कानाशी लागले नाहीत.

ऑपरेशन झालं. गळ्याला भोक ठेवून त्यातून श्वास. खाता यायला लागल्यावर काकू रोज वरण गाळून, त्यात तूप घालून पाठवायच्या. हॉस्पिटलची थेरपिस्ट त्याला गळ्यातल्या छोट्या व्हॉल्व्हने बोलायला शिकवणार होती. पुष्कळ लोक शिकतात, चांगलं बोलतातही. टेरीने फोनवर टाइप करून तिला दाखवलं, 'नको.' पुन्हा विचारलं तर, 'तो आवाज मी कुणाला ऐकवणार नाही.' भोकातून श्वासाची सूं सूं यायची, तीही कुणी जवळ आलं की हाताने झाकायचा. मुलगी ऑस्ट्रेलियाहून येऊन राहिली आणि परत गेली.

अल्बम हिवाळ्याच्या तोंडावर निघाला. नाव 'माइंड द सम'. ते टेरीनेच सुचवलेलं, ऑपरेशनच्या आधी. जुन्या फॅक्टरीतले, जे हयात होते ते सगळे, एकमेकांना फोन करून दुकानात गेले. जे हयात नव्हते त्यांच्या बायका गेल्या. लोकल रेडिओने एक गाणं लावलं. भजनी मंडळातल्या बायकांनीही एकेक रेकॉर्ड घेतली, आणि रेकॉर्ड प्लेअर एकीकडेही नव्हता. एका मावशींनी ती देवघरामागे भिंतीला टेकवून ठेवली, बाहेर दिसेल अशी. कव्हरवर टेरी, माल्कम आणि टायमधले काका.

आणि एका शुक्रवारी जेसचा फोन आला. छोट्या कंपन्यांच्या अल्बम्सचा एक वेगळा चार्ट असतो. त्याच्या अगदी तळाशी, खालून मोजलं तर लगेच सापडेल अशा जागी, ब्रेक फ्लुइड्स होते. एका संगीत समीक्षकाने लिहिलंही, की शेवटच्या गाण्यात तिसऱ्या कडव्याला गायकाला गप्प ठेवण्याचा निर्णय फार धाडसी आहे. काकांनी ते वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

पुढच्याच आठवड्यात अल्बम चार्टमधून गेला. पण त्या पहिल्या आठवड्यात पबात पार्टी ठरली. मी आणि माझा नवरा निखिल गेलो. त्याला मिल्टन कीन्सच्या ऑफिसातून यायला उशीर झाला, पण आला. टेरी गळ्याला मफलर गुंडाळून आला तेव्हा लोक उभे राहिले, टेबलं बडवली. त्याने दोन्ही हात वर केले. हसत होता. पबमालकाने मोठ्या स्पीकरवर रेकॉर्ड लावली.

पहिलं गाणं सुरू झालं. टेरीचा आवाज पबभर भरला. लोक गायला लागले.

मी टेरीकडेच पाहत होते. त्याचं हसू तसंच राहिलं, पण त्यामागचा माणूस निघून गेला. त्याने ग्लास ठेवला आणि मागच्या दाराने कारपार्कमध्ये गेला. काका त्याच्या मागे. खिडकीतून मला दोघं दिसत होते, कचऱ्याच्या डब्यांशेजारी. टेरीने फोनवर काहीतरी लिहून काकांच्या पुढे धरलं. काकांनी वाचलं. मग ते आत आले, सरळ बारपाशी.

"बंद कर," ते मालकाला म्हणाले.

"अरे, तुम्ही चार्टमध्ये आहात, मधू!"

"बंद कर म्हणतो ना."

रेकॉर्ड बंद झाली. पब एकदम इतका शांत झाला, की बारमागचं ग्लास धुवायचं मशिन ऐकू येत होतं. काकांनी कोट घेतला आणि टेरीला घरी सोडायला गेले. फोनवर त्याने काय लिहिलं होतं, ते त्यांनी मला फार नंतर सांगितलं. 'हा कोण गातोय? माझ्या ओळखीचा होता एकदा.'

ख्रिसमसनंतर एका मोठ्या फेस्टिव्हलचं बोलावणं आलं. बँडने यावं, गायक ते देतील, तरुण आहे, गाणी पाठ आहेत त्याला. माल्कमला जायचं होतं. त्याला दोष कसा द्यायचा? जन्मभर गोंगाटावर ड्रम वाजवले, एकदा तरी लोक गप्प बसून ऐकणार होते. काकांनी नाही म्हटलं. दोघांचं भांडण झालं.

"टेरीला विचारलंस का?" माल्कम म्हणाला. "तो जा म्हणतोय! मी विचारलंय!"

"त्याने जा म्हणावं आणि आपण जावं, असं नसतं ते," काका म्हणाले. "बँड संपला. सांग त्यांना."

माल्कम तणतणत गेला. काकू मला कुंपणावरून म्हणाल्या, "हट्टी आहेत गं. पहिल्यापासून. आता बसतील घरी टीव्हीला कान लावून." काकांनी गिटार घरात ठेवली नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांना वाटलं, विकली. त्यांनी विचारलं नाही.

फेब्रुवारीत काकूंचा गुडघा दुखावला. एका गुरुवारी दुपारी त्यांनी मला डबा दिला. "एवढा टेरीकडे देशील? हे आधीच गेलेत आणि डबा विसरले."

टेरीच्या घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. बेल वाजवणार, तेवढ्यात आतून बेसचा आवाज आला. मी आत गेले आणि पॅसेजमध्येच थांबले.

"थांब, थांब," काकांचा आवाज. "पुन्हा तेच. दुसऱ्या ओळीला रेंगाळतोस तू."

शांतता. मी वाकून पाहिलं. डायनिंगच्या खुर्चीवर काका, गिटार छातीशी. समोर, गालिच्याच्या मधोमध, टेरी उभा. मफलर नाही. गळ्यावर छोटं पांढरं कापड. तो रागारागाने फोनवर टाइप करत होता. टाइप झाल्यावर त्याने फोन काकांच्या नाकासमोर धरला.

"मी? घाई?" काका म्हणाले. "मी आयुष्यात कधी घाई केलेली नाही! घे, पुन्हा घे."

टेरीने फोन सोफ्यावर फेकला. उजवा हात माइक धरल्यासारखा तोंडाशी नेला, छाती भरून घेतली आणि गायला लागला. तोंड पूर्ण उघडं, डोळे मिटलेले, खांदे वर. खोलीत फक्त चार तारांचा तो जाड, सावकाश आवाज. काका डोळे उघडे ठेवून त्याच्या ओठांकडे पाहत होते, पापणीही न लवू देता.

कडवं संपलं. टेरी दमला होता. गळ्यावरच्या कापडातून श्वास सूं सूं करत यायला लागला. त्याने पटकन त्यावर हात ठेवला आणि मान वळवली.

"झाकू नकोस," काका म्हणाले.

टेरीने मान हलवली.

"झाकू नकोस, टेरी. ओळ सुरू करायच्या आधी तू श्वास घेतोस ना, तो ऐकून मी गाण्यात आत येतो. इतकी वर्षं तेच करतोय. तू हात ठेवलास तर मला कळायचं कसं?"

रस्त्यावरून एक बस गेली. मी डबा हळूच जिन्याच्या पायरीवर ठेवला.

मग टेरीने हात काढला. श्वास आत गेल्याचा आवाज मला पॅसेजपर्यंत आला, आणि त्याच्यामागोमाग काका आत आले.